मे महिन्यातली बाटली

पास्कू,

काल तुझ्या सातव्या दिवसाची मिस्सा झाली. मी तिसऱ्या बाकावर बसलो होतो, तुझ्या चुलतभावाच्या शेजारी. सगळे उभे राहिले की उभा राहत होतो, बसले की बसत होतो. गुडघे टेकायची वेळ आली तेव्हा नेहमीसारखा नुसता पुढे वाकलो. इतकी वर्षं तुमच्या चर्चमध्ये लग्नांना, बाप्तिस्म्यांना, मयतांना येतोय, पण गुडघे टेकायचे की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तू असतास तर कोपराने ढोसलं असतंस आणि हसू दाबत समोर बघत राहिला असतास.

मला काही वाटत नाहीये, हे तुला आधीच सांगून टाकतो. दाढ काढण्याआधी सुई देतात आणि मग आपलाच गाल आपल्याला लागत नाही, तसं चाललंय. जेवतोय, पेपर वाचतोय, सकाळी चालून येतोय. जेनेटचा फोन आला तेव्हा मी शर्टाला इस्त्री करत होतो. "काका, डॅडी गेले," एवढंच ती म्हणाली. मी बरं म्हणालो. एक बाही राहिली होती, ती इस्त्री केली, तोच शर्ट घातला आणि तुझ्या घरी निघालो. रिक्षात बसल्यावर लक्षात आलं की इस्त्री बंद केली का ते आठवत नाही, म्हणून परत गेलो. बंद केलेली होती. म्हणजे तुझ्याकडे यायला मला त्या दिवशीही उशीरच झाला.

तुला पांढरे मोजे घातले होते. तुला जन्मात कधी मोज्यात बघितलं नव्हतं. कंपनीतही तू सँडल घालून जायचास आणि सुपरवायझरशी त्यावरून भांडायचास. मी सगळा वेळ त्या मोज्यांकडेच बघत होतो. लोक येत होते, गुलाबाच्या पाकळ्या टाकत होते, माझ्या खांद्यावर हात ठेवत होते. बोरिवलीत आपल्याला कोण ओळखत नाही? मला मात्र निम्म्या लोकांची नावं आठवत नव्हती.

एक माणूस फाटकाबाहेर उभा होता. आत आला नाही. शिवपूजन. वसईहून आला होता, हातात हार होता. तो हार त्याने तुझ्या भाच्याच्या हातात दिला आणि प्रेत निघेपर्यंत रस्त्याच्या पलीकडे उभा राहिला. मी त्याला बघितलं, त्यानेही मला बघितलं. मी मान खाली घातली.

हे सगळं मी तुला का सांगतोय ते तुला कळणार नाही, कारण त्यातला महत्त्वाचा भाग मी तुला कधी सांगितलाच नाही. तोच सांगायला आज बसलोय. जरा घोळवून सांगेन, ते चालवून घे. तू एरवी माझ्या लांबण लावण्यावर वैतागायचास. "रिझल्ट बोल ना यार, पास का नापास," म्हणायचास.

तुमच्या घरात विहिरीला बाव म्हणतात. आमच्या चाळीत हातपंप होता आणि त्याचं पाणी जड होतं. त्यात डाळ शिजायची नाही. आई मला कळशी देऊन तुमच्याकडे पिटाळायची. "पास्कूच्या बावेचा पाणी हाड. ह्या पाण्यात डाळ शिजणा नाय." मालवणहून आलेल्या माझ्या आईने तुमचा बाव हा शब्द तेवढ्यासाठी उचलला होता. मी कळशी घेऊन यायचो, तू रहाट ओढायचास, आणि मग आपण कळशी तिथेच ठेवून नदीवर जायचो. घरी तासाभराने पोचायचो. डाळ तोवर तशीच.

तेव्हा नदीपासून तुमच्या विहिरीपर्यंत सगळं शेत होतं. पावसात भात आणि थंडीत मुळा, पालक, वाल. दहिसर नदी दरवर्षी दोन-चारदा काठ सोडून शेतात शिरायची, दोन दिवस ताटात पाणी राहावं तशी पसरून राहायची आणि उतरायची. तुझा बाप त्याला पूर म्हणायचाच नाही. "नदी आयली नि गेली," म्हणायचा. मागे बोटभर गाळ राहायचा. विहिरीचं पाणी तेवढे दिवस गढूळ. तुझा बाप त्यात लाल औषध टाकायचा आणि आपल्याला पिऊ द्यायचा नाही. थंडी पडायला लागली की तेच पाणी असं लागायचं की दुसरं नको व्हायचं. पुढे कॉलेजात जमिनीतल्या पाण्याबद्दल शिकलो तेव्हा मला कळलं की ते शेतच गाळणं होतं. पुराचं पाणी मातीतून हळूहळू खाली जात होतं आणि जाता जाता स्वच्छ होत होतं. तू म्हणालास, "ह्याला शिकायला कॉलेज कशाला लागतं?"

मग शेतं गेली. एका दमात नाही गेली. आधी तुझ्या मोठ्या काकाचं, मग त्याच्या पलीकडचं, मग नदीला लागून असलेलं. प्रत्येक वेळी आधी ट्रक यायचे आणि पाडलेल्या इमारतींचं डेब्रिज ओतून जायचे. विटा, प्लास्टर, फुटक्या लाद्या, कमोडचे तुकडे. सखल जमीन बघता बघता कमरेइतकी वर आली. पाणी आता तिच्यावर पसरणार कुठे? ते बाजूच्यांच्या घरात शिरायला लागलं.

पाणी बदललं हे पहिल्यांदा आईने ओळखलं, माझ्या लॅबने नाही. एक दिवस डाळीचं पातेलं माझ्यापुढे आणून ठेवलं. "पास्कूच्या पाण्याक काय झाला रे? डाळ दगडासारखी ऱ्हवली." मी तेव्हा अंधेरीच्या एका लॅबमध्ये नुकता लागलो होतो. सोसायट्यांच्या टाक्या, हॉटेलांचं पाणी, बर्फाच्या कारखान्यांचं पाणी तपासायचो. मी हसलो आणि दुसऱ्या दिवशी तुझ्याकडून बाटली भरून नेली. आईचं बरोबर होतं. पाणी जड झालं होतं. भरावातल्या चुन्या-सिमेंटातून पाऊस मुरत होता आणि ते सगळं घेऊन विहिरीत येत होता.

त्या बाटलीपासून आपला तो नेम सुरू झाला. वर्षाला दोन बाटल्या. एक पावसाळा संपला की, आणि एक मे महिन्यात, विहीर तळाला गेली की. बाटली मी उकळून आणायचो, तू दोराला दगड बांधून ती खाली सोडायचास. लेबलवर तू लिहायचास, कारण तुझं अक्षर चांगलं आणि माझं डॉक्टरसारखं. मग फिलोमिना वहिनी चहा द्यायची आणि आपण कठड्यावर बसून वाद घालायचो. त्या वादांत मी नेहमी शहाणा असायचो. ते आठवलं की आता लाज वाटते. ती तेवढी वाटतेय, बाकी काही नाही.

आता खरं सांगतो.

तुझा बाप गेला त्या वर्षी तू उरलेल्या पट्टीवर भाड्याच्या चार खोल्या बांधल्यास. मोठं गटार अजून त्या बाजूला आलं नव्हतं. संडासाचा खड्डा घ्यायचा होता आणि गवंडी म्हणत होता नदीकडे घेऊ, तिकडे माती मऊ आहे. तू मला बोलावलंस. "तू पानीवाला, तू सांग." मी लॅबचा कोट अंगात नसतानाही असल्यासारखा चालत आलो. नदीकडे घेऊ नकोस म्हणालो. पावसात पूर आला की खड्डा भरेल आणि घाण अंगणात येईल. वर घे, गावठाणाच्या बाजूला, तिथे पुराचं पाणी कधी पोचत नाही. बोट करून जागा दाखवली. गवंड्याने तिथे चुन्याची फक्की टाकून खूण केली. तू खूश झालास. गवंड्याला म्हणालास, "बघ, शिकलेला मानूस असा उपयोगी पडतो."

तो खड्डा विहिरीपासून वीस-बावीस पावलांवर होता आणि विहिरीच्या वरच्या अंगाला होता. जमिनीखालचं पाणी गावठाणाकडून नदीकडे जातं. म्हणजे त्या खड्ड्यातून झिरपेल ते नदीला मिळण्याआधी विहिरीतून जाणार. मी पुराचं पाणी बघितलं, कारण ते दिसतं. खालच्या पाण्याचा विचार केला नाही. नदीकाठी वाढलेल्या माणसाचीच ही चूक, रे. आपल्याला लहानपणापासून पाण्याची भीती ती वरून येणाऱ्या पाण्याची.

बरीच वर्षं मलाही कळलं नाही. बाटल्यांमध्ये नायट्रेट, म्हणजे मैल्याची-शेणाची खूण, वाढत होतं आणि जंतूही सापडत होते. कारणं पाहिजे तेवढी होती. विहिरीच्या खालच्या अंगाला, नदीच्या बाजूला, शिवपूजनचा तबेला उभा राहिला होता. सत्तरेक म्हशी. शेण धुऊन नदीत सोडायचे. पलीकडे कापड रंगवायची एक शेड होती, तिच्यामुळे नाल्याला कधी जांभळा तर कधी हिरवा रंग यायचा. टॉवर आले, त्यांच्या बोअरवेल आल्या. नदीला दोन्ही बाजूंनी भिंत घातली. आपण दोघं मिळून सगळ्यांना शिव्या द्यायचो. त्या सगळ्यांचं काही ना काही खरंच होतं. पण तुझा राग तबेल्यावर होता. वास येत होता, माश्या येत होत्या आणि तो रोज समोर दिसत होता.

शिवपूजन वाईट माणूस नव्हता हे तुलाही माहीत होतं. जेनेट लहानपणी त्याचंच दूध पिऊन वाढली. ख्रिसमसला तो खरवस घेऊन यायचा आणि तू त्याला घरची वाइन पाजायला बघायचास. तो कानाला हात लावायचा. आणि मग तू तबेला हलवावा म्हणून पालिकेच्या ऑफिसात अर्ज केलास. गावठाणातल्या सगळ्यांच्या सह्या घेतल्यास आणि अर्जाला माझ्या रिपोर्टची झेरॉक्स जोडलीस. मीच दिली. रिपोर्टवर पाण्यात काय आहे ते लिहिलेलं असतं, कुणाचं आहे ते लिहिलेलं नसतं. ऑफिसातल्या साहेबाने मला विचारलं, हे तबेल्यामुळे? मी म्हणालो, असू शकतं.

असू शकतं. त्या वेळेपर्यंत मला कळलेलं होतं, पास्कू. त्याच उन्हाळ्यात मी तुझ्या विहिरीत, गावठाणातल्या वरच्या विहिरीत आणि खाली टॉवरच्या बोअरमध्ये टेप सोडून पाणी किती खोल आहे ते मोजलं होतं. तू विचारलंस काय चाललंय, मी म्हणालो असंच. घरी कागदावर तीन टिंबं काढली आणि पाणी कुठून कुठे जातंय त्याचा बाण काढला. बाण खड्ड्यातून निघाला आणि विहिरीतून पार झाला. तबेला त्या बाणाच्या पुढे होता. मग मी जुने रिपोर्ट काढून बसलो. पावसानंतरच्या बाटल्यांमध्ये तबेला दिसत होता, कारण पुरात त्याची घाण कठड्यापर्यंत चढायची. मे महिन्यातल्या बाटल्यांमध्ये तबेला दिसायचं काही कारण नव्हतं. त्यांच्यात खड्डा होता. दरवर्षी थोडा जास्त.

तो कागद मी घडी करून कपाटात ठेवला.

तबेला उठला. शिवपूजन म्हशी घेऊन वसईच्या पुढे गेला. जायच्या आदल्या दिवशी तुझ्याकडे आला होता, तू घरात असून बाहेर आला नाहीस. मुलाच्या लग्नाची पत्रिका त्याने पाठवली ती तू उघडलीही नाहीस. मी गेलो होतो त्या लग्नाला, तुला न सांगता. त्याने मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "अब पानी ठीक हुआ क्या?" मी म्हणालो, टाइम लगेगा.

तुलाही तेच सांगितलं. पावसानंतरची बाटली सुधारली तेव्हा तू मला मिठी मारलीस. मे महिन्यातली बिघडली तेव्हा म्हणालास, "तबेला गेला ना, मग आता काय?" मी म्हणालो, जमिनीला वेळ लागतो. हे खोटं नव्हतं. जमिनीला वेळ लागतोच. पण मी ते ज्यासाठी म्हणालो ते कारण खोटं होतं. नऊ वर्षं दर मे महिन्यात तू तोच प्रश्न विचारलास आणि मी तेच उत्तर दिलं. प्यायला वापरू नका हे मात्र दरवेळी बजावलं. त्याच्यावर मी स्वतःची समजूत घालत होतो. पण नळाला पाणी आलं नाही की खोल्यांमधले लोक काय पीत होते ते तुलाही माहीत होतं आणि मलाही.

तुझ्याशी भांडायची मला कधी भीती वाटली नाही. शाळेत आपण एकमेकांची डोकी फोडली आहेत. पण शिवपूजनशी तू भांडला नाहीस. तू त्याला टाकलंस. रस्त्यात समोर आला तर तू त्याच्याकडे भिंतीकडे बघावं तसं बघायचास. ते मी बघितलं होतं.

यंदाच्या मे महिन्यात आपण बाटली भरली तेव्हा जेनेटचं लग्न ठरलेलं होतं. तू खुशीत होतास. तुमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचं पाणी आणायला जातात. बाजा पुढे, बायका गाणी म्हणत मागे, विहिरीवर जाऊन पाणी काढायचं आणि त्या पाण्याने नवरीला अंघोळ घालायची. तुझ्या घरात त्याच्यावर अजून एक होतं. कळशी उचलायच्या आधी मुलीच्या बापाने त्यातला पहिला घोट घ्यायचा. तुझ्या बापाने तुझ्या बहिणीच्या लग्नात घेतला तेव्हा आपण दोघं कठड्यावर चढून बघत होतो. पाणी मिशीवरून गळ्यात गेलं आणि तो म्हणाला, "गोड हाय." मग बाजा वाजला.

"लग्नापर्यंत होईल ना रे बरं?" तू विचारलंस. "आता किती वर्सं झाली तबेला जाऊन. तू बरं म्हण, मग मी घोट घेतो. तू नाय म्हणालास तर नाय घेनार, नुसता ओठाला लावीन. पन मना घ्यायचा हाय."

मी म्हणालो, होईल बहुतेक.

तू लेबल लिहीत होतास. मान वर न करता म्हणालास, "झकास."

ती बाटली तपासली. काय आलं ते तुला सांगायला मी महिनाभर टाळाटाळ केली, मशीन बंद आहे म्हणालो, लॅबमधला पोरगा सुट्टीवर आहे म्हणालो. मग पाऊस सुरू झाला आणि तू विचारायचं सोडलंस. मग तू गेलास. छातीत. त्याचा पाण्याशी काही संबंध नाही, मी डॉक्टरला दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा तो माझ्याकडे विचित्र नजरेने बघत होता.

काल मिस्सा संपल्यावर सगळे तुझ्या घरी आले. चहा-बिस्किटं झाली, लोक पांगले. मी निघालो तर वहिनी म्हणाली, थांब. आम्ही मागच्या अंगणात खुर्च्यांवर बसलो. जेनेट कप धूत होती. मागे टॉवरवाल्यांच्या स्विमिंग पुलातून मुलांचा आवाज येत होता. वहिनीने काळी साडी नेसली होती आणि ती थकलेली दिसत होती, पण रडत नव्हती.

"लग्न पुढं ढकलायचं नाय," ती म्हणाली. "त्याने सगलं बघून ठेवलंय. हॉल, बाजा, सगलं."

मी बरं म्हणालो.

"मंगेश, तुना एक सांगायचं हाय. उंबराच्या पान्याला बापाच्या जागी तू उभा ऱ्हा. पयला घोट तू घे. त्याचा भाऊ हाय, पन मना तू पायजे. तो बोललेला मना, मंगेशने पानी बरं म्हटलं का मी पिनार. आता तूच पी. म्हंजे आमाला पन कलेल."

माझ्या हातात कप होता. मी विचार करत होतो की एका घोटाने काही होत नाही. खरंच होत नाही. मोठ्या माणसाला तर नाहीच. मी तो घेऊ शकलो असतो. गोड आहे म्हणू शकलो असतो, बाजा वाजला असता, तुझ्या मुलीचं लग्न नीट लागलं असतं आणि कपाटातला कागद कपाटात राहिला असता. तुझ्या जागी उभं राहायचा मान मला मिळाला असता आणि तो मला हवाही होता. हे मी तुला प्रामाणिकपणे सांगतोय. मला तो फार हवा होता.

कुणी अडवत नव्हतं. तू नव्हतास. तरी माझ्याच्याने झालं नाही. खोल्यांपैकी एकीच्या दारात एक बाई बालदीतून तांब्या भरून घेत होती आणि बालदीत पाणी कसलं होतं ते मला माहीत होतं.

मी वहिनीला सांगितलं. खड्डा, फक्की, बाण, मे महिन्यातल्या बाटल्या. तुला आत्ता सांगितलं तसं नाही, तुटक तुटक आणि उलटसुलट. जेनेटने नळ बंद केला आणि दारात येऊन उभी राहिली. तिला सुरुवातीपासून पुन्हा सांगावं लागलं. मी बोलत होतो आणि मला माझाच आवाज शेजारच्या घरातून येतोय असं वाटत होतं.

वहिनीने खुर्ची विहिरीकडे वळवली.

"म्हंजे शिवपूजनचं नव्हतं," ती म्हणाली.

"त्याचंही होतं. पण सगळं त्याचं नव्हतं. आणि तो गेल्यावर जे राहिलं ते आपलं होतं."

"तू हे ह्याला कनाला नाय सांगितलंस?"

"भीती वाटली."

"कसली?"

"शिवपूजनशी बोलायचं सोडलं तसं माझ्याशी सोडेल, म्हणून."

"मंग आता बोलतो काय तो तुझ्याशी?"

तिने ते रागाने विचारलं नाही, हे तुला सांगायला हवं. चहा घेणार का विचारावं तसं विचारलं. ती उठली, विहिरीतून खोल्यांना पाणी देणाऱ्या पंपाचा खटका बंद केला आणि चारही दारांवर जाऊन सांगून आली की विहिरीचं पाणी तोंडाला लावायचं नाही, पोरांना तर अजिबात नाही, आणि संडासाची लाइन आता रस्त्यावरच्या गटाराला जोडायची आहे, थोडे दिवस कळ काढा. रस्त्यावर गटार येऊन किती वर्षं झाली, पास्कू. ते जोडा असं मी एकदा जरी म्हटलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी जोडून घेतलं असतंस. पण मग तू का म्हणून विचारलं असतंस.

जेनेट म्हणाली, "काका, लाइन बदलली तर लग्नापर्यंत?"

"नाही," मी म्हणालो. मला ते म्हणायला इतकं सोपं गेलं की आश्चर्य वाटलं. "काही वर्षं लागतील. किती ते मला माहीत नाही. वर सगळं काँक्रीट आहे. पाऊस आत जात नाही, नदी भिंतीपलीकडे. आतलं पाणी धुऊन निघायला आता काही उरलेलं नाही. कदाचित होणारही नाही."

तिने मान हलवली. तुझ्यासारखीच हलवते, एका बाजूला. म्हणाली, पाणी आणायला जायचं तर इथेच जायचं, गाणी म्हणायची, कळशी भरायची. घोट कुणी घ्यायचा नाही. आणि अंघोळ नळाच्या पाण्याने. वहिनीला ते पटलेलं दिसलं. मी कुठे उभं राहायचं ते दोघींपैकी कुणी बोललं नाही. मीही विचारलं नाही.

मी निघत होतो तर वहिनीने तुझा फोन आणून माझ्या हातात दिला. त्यात शिवपूजनचा नंबर अजून होता. तू त्याच्याशी बोलत नव्हतास पण नंबर काढला नव्हतास, हे मला माहीत नव्हतं.

"त्याला पन सांग," ती म्हणाली. "आत्ता. माझ्यासमोर."

मी लावला. त्याने पहिल्याच रिंगला उचलला. पडद्यावर तुझं नाव आलं असेल. त्याने अगदी हळू विचारलं, "पास्कल भाई?"

मी माझं नाव सांगितलं. मग सगळं सांगितलं, हिंदीत, जसं येईल तसं. मागे कुठेतरी म्हैस ओरडत होती. माझं बोलणं संपलं तेव्हा त्याने एकच विचारलं.

"उसको मालूम था?"

"नहीं."

"मतलब वो मुझपे गुस्सा लेके ही गया."

"हां," मी म्हणालो.

मी त्याची माफी मागितली. तो ठीक है, ठीक है म्हणत राहिला. मग त्याने फोन ठेवला. मी फोन वहिनीला परत दिला आणि घरी आलो. तुझी माफी मागायची राहिली.